आईकडून आलेलं

आमच्या घरात मुलगा जगवायचा एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे त्याला मुलगी करायचं. माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ पाच वर्षांचा होईपर्यंत परकर-पोलक्यात वाढला. त्याच्या केसांना कात्री लागलेली नव्हती. आई रोज सकाळी त्याला उंबऱ्यात बसवून त्याच्या दोन घट्ट वेण्या घालायची आणि लाल रिबिनी बांधायची. सगळे त्याला मल्ली म्हणायचे. ‘मल्ली आली का’, ‘मल्ली जेवली का’, असं चालायचं. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. ‘मी जेवली’ असं तो ठणकावून सांगायचा आणि लगेच मोरीत जाऊन उभ्यानं लघवी करायचा. आम्ही तिघी बहिणी त्यावर हसून लोळायचो. आम्ही सोलापुरात राहायचो, आणि रागावला की तो शेजारच्या विणकरांच्या पोरांकडून शिकलेलं तेलुगू बोलायचा. ‘वद्दु, वद्दु’ म्हणजे नको, नको. त्याच्या तोंडी तो शब्द फार असायचा, कारण त्याला सारखं कशाला ना कशाला अडवलं जायचं.

हे सोंग कशासाठी होतं ते आम्हाला माहीत होतं. माझ्या पाठचा भाऊ विश्वनाथ दीड वर्षाचा असताना उंबऱ्याला अडखळून पडला आणि त्याचा वरचा ओठ आतून फाटला. जखम तांदळाच्या दाण्याएवढी होती. ती चार दिवस वाहिली. मी तेव्हा चारेक वर्षांची असेन. मला त्याचा चेहरा आठवत नाही, पण जुन्या लुगड्याच्या चिंध्या धुऊन दोरीवर टाकलेल्या आठवतात, आणि धुतल्या तरी त्यांचा रंग गेला नव्हता हे आठवतं. आईचे दोन्ही भाऊ असेच गेलेले. एक बैलगाडीवरून पडून, एक दाढ काढल्यावर. मुलगे जातात, मुली राहतात, एवढं सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा नेणारी जी कोणी असेल तिला हा मुलगा आहे हे कळूच द्यायचं नाही, असं आमच्या आत्यानं ठरवलं. आमच्या घरात आत्यानं ठरवलं की ठरलं.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, केम गावाला दिलेली. तिला मूलबाळ नव्हतं, शेती भरपूर होती, आणि आईबाप लहानपणीच गेल्यामुळं अण्णांना तिनंच वाढवलेलं. अण्णा एका शाळेत कारकून होते. शाळेतल्या चार मास्तरांना ते दमात घ्यायचे, पण आत्या स्टेशनवरून रिक्षानं दारात उतरली की त्यांचं वय दहा वर्षांचं व्हायचं. ‘आक्का, चहा घेतीस का? आक्का, पंखा लावू का?’ असं करत ते तिच्यामागं फिरायचे. आत्या दुष्ट होती असं मात्र मी लिहिणार नाही. मल्लीवर तिचा जीव होता. येताना ती त्याच्यासाठी हुरडा, बोरं, घरच्या तुपाची बरणी असं काय काय आणायची आणि आल्या आल्या त्याला मांडीवर घेऊन त्याच्या हातापायांवरचे निळे डाग मोजायची.

ते डाग नेहमी असायचेच. साधं दाराला कोपर लागलं तरी रात्रीतून तिथं वांग्याच्या रंगाचा गोळा उठायचा. कधी गुडघा सुजायचा आणि आठ आठ दिवस उतरायचा नाही. आईला यातलं सगळं येत होतं. लहानपणी धाकट्या भावाला सांभाळताना ती ते शिकली होती. मल्लीला कुठं खरचटलं तर ती ओरडायची नाही, धावायची नाही. स्वच्छ फडकं, बर्फाच्या गाडीवरून आणलेला बर्फ, आणि तिचा अंगठा. तो अंगठा ती तास तास हलवायची नाही. आम्ही तिला पाणी पाजायचो, पाठीला उशी द्यायचो, बाहेर यंत्रमागांची खडखड चाललेली असायची, आणि ती मल्लीला तिच्या माहेरच्या कानडीत काहीबाही सांगत बसायची. खपली धरली की तिला हात लावायचा नाही, गरम खायला द्यायचं नाही, झोपवायचं नाही, टेकून बसवायचं. पाच वर्षं तिनं त्याला असं ठेवलं. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आम्हा सगळ्यांच्या ताटात असायची, पण मल्लीला भाकरी दुधात कुस्करूनच मिळायची, कारण कडक भाकरीचा काठ हिरडीला लागतो. तो भाकरीसाठी रडायचा, आणि आम्ही त्याच्यासमोर कुडुम कुडुम आवाज करत खायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मुलीच्या सोंगात एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे नाक. अशा मुलाचं नाक टोचून त्यात सोन्याची तार घालायची, तरच ते सोंग पुरं होतं. जन्मानंतर बाराव्या दिवशीच आत्या सोनाराला बोलावणार होती. आईनं तेव्हा पदर डोक्यावर ओढून सांगितलं, ‘वन्सं, मी माझ्या म्हायेरच्या देवाला बोललेय. पाच वर्सं पोराच्या अंगाला धातू लावायचा न्हाई.’ देवाचं नाव आल्यावर आत्या गप्प बसली. कान टोचले नाहीत, जावळ काढलं नाही, नाक राहिलं. असा नवस आई कधी बोललेलीच नव्हती. तिनं तो उभ्या उभ्या रचला होता, आणि पाच वर्षं म्हणजे फार लांबची गोष्ट आहे असं तिला त्या वेळी वाटलं होतं.

ती पाच वर्षं भरायला पंधरा दिवस राहिले तेव्हा आत्या तारेचं सोनं घेऊन येऊन बसली. मी त्या वर्षी अकरावीला होते, विज्ञान शाखेला. आमच्या गल्लीत ते कौतुकाचं होतं आणि आत्याच्या दृष्टीनं नसती थेरं होती. जीवशास्त्राला आम्हाला एक तरुण बाई होत्या. फळ्याकडं तोंड करून शिकवायच्या, कारण पोरं हसायची. त्यांनी एका दिवशी सांगितलं की बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि पुरुषाच्या एक एक्स, एक वाय. आईकडून मुलाला एक्सच मिळतो, तिच्याकडं दुसरं काही नसतंच. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे काय होणार ते बापाच्या वाट्यावर ठरतं.

मी घरी पळत आले म्हटलं तरी चालेल. त्या संध्याकाळी जेवताना आत्यानं नेहमीचा विषय काढलाच, की आमच्या भावाच्या घरात ह्या बाईनं पोरींची रांग लावली. मी घास खाली ठेवला आणि म्हणाले, ‘आत्या, मुलगी होते ती अण्णांकडून. आईचा त्यात काही संबंध नाही. पुस्तकात आहे.’

आत्यानं माझ्याकडं, मग अण्णांकडं पाहिलं. ‘म्हंजी माझ्या भावात खोट हाय व्हय गं?’

‘खोट नाही. पण ठरतं त्यांच्याकडून.’

अण्णा ताटातल्या आमटीत काहीतरी शोधत राहिले. आईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती. इतक्या वर्षांत आत्यासमोर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. त्या दिवशी मला शिक्षणाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढं पदवी घेतानाही वाटला नाही.

पुढच्याच तासाला बाईंनी उरलेलं शिकवलं. रक्त गोठण्याची सूचना ज्या जनुकात असते ते एक्सवर असतं. बाईचे दोन एक्स असल्यानं एक बिघडलेला असला तरी दुसरा काम भागवतो, तिला सहसा काही होत नाही. मुलाकडं एकच असतो. तो जर बिघडलेला मिळाला तर भागवायला दुसरा नाही, बापाकडून आलेल्या वायवर ते जनुक नसतंच. मग त्याचं रक्त थांबत नाही. या रोगाला हिमोफिलिया म्हणतात आणि तो बहुधा निरोगी दिसणाऱ्या आईकडून मुलाला येतो. बाईंनी फळ्यावर चौकटी आखल्या, बायकांसाठी वर्तुळं, पुरुषांसाठी चौकोन, आणि आजारी चौकोन खडूनं भरून टाकले. मी वहीत तसंच काढलं. काढता काढता मला दिसलं की मी माझ्या दोन मामांचे चौकोन भरतेय, मग विश्वनाथचा, मग मल्लीचा. परकर घालून, वेण्या घालून तो चौकोन वर्तुळ होत नव्हता. पुढं तीस वर्षं मी हाच धडा शिकवला. मुलांना तो आवडतो, चौकटी भरायच्या असतात आणि मार्क हमखास मिळतात.

तीन दिवस मी घरी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी आत्या देवाला गेली होती. आई भाकरी करत होती, मी शेजारी बसले होते.

‘आज काय शिकवलं बाईनी?’

‘काही नाही.’

‘चार दिस झाले, काही न्हाईच शिकवतायत व्हय?’ तिनं काठवटीतलं पीठ माझ्याकडं सरकवलं. ‘काढून दाव.’

मी त्या ज्वारीच्या पिठात बोटानं वर्तुळं आणि चौकोन काढले. आई, मामा, विश्वनाथ, मल्ली. तिनं एकदाही मध्ये अडवलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली, पुन्हा पिठाकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘म्हंजी माझ्यात एक चांगलं, एक नासकं. आन् मी ज्येला नासकं दिलं त्यो गेला.’

‘तू दिलं नाहीस आई. ते आपोआप जातं. कुणाच्या हातात नसतं.’

‘माझ्यापाशी हुतं, त्येच्यापाशी गेलं. ह्याला दिलंच म्हणत्यात की.’ मग चुलीतलं लाकूड आत सारत, ‘मला म्हाईत हुतं गं. अव्वाचे, माझ्या आईचे, दोन गेले, अव्वाच्या बहिणीचा एक गेला. माझ्या काकाची चारी पोरं धडधाकट, आजबी शेतात राबत्यात. बायकांच्या वाटंनं येतंय हे डोळ्याला दिसतच हुतं. फकस्त बुकात असंल असं न्हवतं वाटलं.’

‘मग लग्नाच्या वेळी सांगितलं नाही?’

‘कुणी इचारलं? पोरगी काळी का गोरी, भाकरी येती का, एवढंच इचारत्यात.’ तिनं पिठातलं एक वर्तुळ दाखवलं, जे मी काढलं होतं पण नाव सांगितलं नव्हतं. ‘ही कोण?’

‘मी. आणि या दोघी.’

‘तुमच्यातबी असंल?’

‘असेल किंवा नसेल. प्रत्येकीला निम्मी शक्यता.’

तव्यावरची भाकरी करपली. माझ्या आईची भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. तिनं ती बाजूला टाकली, पीठ हातानं सारखं केलं आणि त्यातच पाणी घालून मळायला घेतलं. ‘वन्संना तू सांग,’ ती म्हणाली. ‘माझं ऐकायच्या न्हाईत. बुक दाव त्येंना. नाक टोचलं तर पोरगं जाईल म्हणून सांग.’

‘तुझं नाव घ्यावं लागेल.’

‘घे की.’

मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू असं करत राहिले. मुलींचा दोष आईवरून काढून अण्णांवर टाकताना मला मजा वाटली होती. आता मुलग्यांच्या मरणाचा दोष आईवर टाकायचा होता, तोही आत्यासमोर, आणि माझी जीभ रेटेना. निमित्त आईच्या मायेचं होतं, पण खरं म्हणजे मी भित्री होते.

रविवारी सकाळी नवी पेठेतला सोनार आपली छोटी पेटी घेऊन आला. आत्यानं पाटाभोवती रांगोळी काढली होती. मल्लीला हिरवा परकर नेसवून पाटावर बसवलं होतं, त्याच्या एका हातात पेढा होता. सोनारानं सोन्याची तार दिव्यावर धरली, तिचं टोक कानशीवर घासलं. मी दाराला टेकून उभी होते. आता बोलायला हवं, आता, असं म्हणत उभी होते. सोनारानं मल्लीची हनुवटी धरली आणि मल्ली म्हणाला, ‘वद्दु.’

आई स्वयंपाकघरातून आली. हात पिठाचे होते. ‘थांबा,’ ती म्हणाली. ‘टोचू नका. रगात थांबायचं न्हाई. त्येच्या रगतात माझ्या म्हायेरचा दोष हाय. माझे भाऊ त्येनंच गेले, माझा पयला त्येनंच गेला. माझ्याकडनं आलाय त्यो.’

सोनार शहाणा होता. त्यानं दिवा विझवला, पेटी आवरली आणि चहासुद्धा न घेता गेला. आत्या आईशी बोललीच नाही. ती माझ्याकडं वळली. ‘खरं हाय का गं ही म्हणती ते? तुझ्या बुकात हाय?’

मी वही आणून दिली. तिला वाचता येत नव्हतं, पण भरलेले चौकोन तिला कळले. तिनं वही अण्णांपुढं धरली. अण्णांनी चष्मा लावून ते पान पुष्कळ वेळ पाहिलं आणि मला विचारलं, ‘हे परीक्षेला विचारतात?’

‘हो.’

‘मग खरं आसंल आक्का,’ अण्णा म्हणाले.

दुपारपर्यंत कुणी जेवलं नाही. मग आत्यानं ठरवलं. जे आईकडून येतं ते आईपासून लांब नेलं की यायचं थांबेल. इतकी सरळ गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही याचंच तिला नवल वाटत होतं. मल्ली आता केमला राहील, तिच्याजवळ. आईनं तिकडं यायचं नाही, तिच्या हातचं रांधलेलं काही पाठवायचं नाही. मी जिवाच्या आकांतानं सांगत होते की आत्या, जे यायचं ते त्याच्या जन्माआधीच येऊन गेलंय, आता जवळ राहिल्यानं वाढत नाही आणि लांब गेल्यानं जात नाही. ‘आलं ते आलं,’ आत्या म्हणाली, ‘हितनं फुडं तरी यायचं न्हाई.’ मी पुन्हा वही उघडली. पण माझ्या वहीनं तिला हवं तेवढं सांगून झालं होतं. अण्णा मान खाली घालून नखं कुरतडत होते. त्यांना त्या दिवशी मी मनातून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मला वाटलं आई भांडेल. ती भांडली नाही. ‘माझ्यापाशी एक गेला,’ ती मला म्हणाली, ‘त्येंच्याकडं ऱ्हाईलबी कदाचित.’ पिठातल्या चौकोनांतून तिनंही शेवटी आपली शिक्षाच तेवढी वाचली होती. आत्याकडून तिनं फक्त एक शपथ घेतली, मल्लीच्या अंगाला धातू लावायचा नाही. आत्यानं त्याच्याच डोक्यावर हात ठेवून ती घेतली. मग आई तिला बसवून सगळं सांगत राहिली. बर्फ, फडकं, अंगठा कसा ठेवायचा, खपली कशी जपायची. ‘आन् वन्सं, आता त्येचे दात हलायला लागतील. हात लावू नका. मला बोलवा. दारात बसंन, आत येनार न्हाई, पण बोलवा.’ आत्या ‘व्हय व्हय’ म्हणत होती. दुसऱ्या दिवशी मल्ली परकर सावरत गाडीत चढला. त्याला खिडकी मिळाली होती, त्यामुळं त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

तो गेल्यावर आई रोज सवयीनं अर्धी भाकरी दुधात कुस्करायची आणि मग स्वतः खायची. अण्णा महिन्यातून एकदा केमला जाऊन यायचे आणि आल्यावर, आईनं न विचारताच, भिंतीकडं बघून सांगायचे. मल्ली हुरडा खातो. मल्लीनं कालवड पाळलीय. आणि खरं सांगायचं तर पहिले तीन-चार महिने त्याच्या अंगावर एकही डाग उठला नाही. हे असं होतं कधी कधी, या आजारात बरे दिवस येतात. आत्यानं निरोप पाठवला, ‘बघा म्हणावं, डाग न्हाई का सूज न्हाई.’ एखाद्या संध्याकाळी, यंत्रमाग बंद पडून गल्ली शांत झाली की माझ्याही मनात यायचं, आत्याचंच खरं असलं तर? मी, चौकटी पाठ असलेली मुलगी, असा विचार करत होते. आईनं त्या दिवसांत मल्लीचं नावसुद्धा घेणं सोडलं, आपल्या तोंडून गेलं तर तेवढ्यानं काही बिघडेल म्हणून.

अण्णांच्या शाळेत केमचा एक माणूस निरोप घेऊन आला तेव्हा दात पडून तीन दिवस झाले होते. पडला नव्हता, पाडला होता. खालचा पुढचा दात हलत होता, मल्ली जिभेनं तो सारखा ढकलायचा. आत्यानं सगळ्या घरांत करतात तेच केलं. दाताला दोरा बांधला, दुसरं टोक बोटाला गुंडाळलं, त्याला वर कावळा दाखवला आणि हिसका दिला. शपथ तिनं मोडली नव्हती. लोखंड नाही, सोनं नाही, दोरा. रक्त यायला लागल्यावर हळद दाबली, मग चुना, मग कुणी सांगितलं म्हणून मशेरी. आईला बोलवावं असं तिच्या नवऱ्यानं सुचवलं होतं. ‘ती आली की वाढंल,’ असं ती म्हणाली. ती मनापासून तसं म्हणाली.

आम्ही केमला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मल्ली बाजेवर होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि पोट फुगलं होतं, गिळलेल्या रक्तानं. आत्या भिंतीला टेकून बसली होती, ती उठली नाही. आईनं कुणाला विचारलं नाही. तिनं त्याला उचलून टेकून बसवलं, तोंडातली मशेरी आणि गाठी बोटानं काढल्या, ओलं फडकं ठेवलं आणि वर अंगठा दाबून धरला. मल्लीनं डोळे उघडले. ‘अव्वा,’ म्हणाला. तो तिला एरवी आईच म्हणायचा.

त्याला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि पुढची गाडी मिळाली. आई बाकावर त्याला छातीशी घेऊन बसली, अंगठा तिनं एकदाही काढला नाही. कुर्डूवाडी मागं पडल्यावर तिनं वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, ‘थांबलं बघ. रगात थांबलं.’ तिचा चेहरा उजळला होता. मी मल्लीच्या मनगटावर हात ठेवला, मग गळ्यावर ठेवला. अण्णा माझ्याकडं पाहत होते. सोलापूर यायला तासाभराहून जास्त अवकाश होता आणि तेवढा वेळ मी काही बोलले नाही. आई अंगठा दाबून बसून राहिली. तिला कधी कळलं ते मला माहीत नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगते. आत्या दहाव्याला आली, अंगणात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, ‘मी धातू लावला न्हाई ओ, दोऱ्यानं काढला.’ कुणीही तिला काही बोललं नाही. माझ्या मधल्या बहिणीच्या मुलीच्या मुलाला हाच आजार निघाला. तो आज शाळेत जातो, ठरल्या दिवशी इंजेक्शन घेतो आणि आईबापांच्या नकळत क्रिकेट खेळतो. माझ्यात तो एक्स आहे का, हे मी तपासून घेतलं नाही. मी लग्न केलं, मूल होऊ दिलं नाही. नवऱ्याला कारण सांगितलं होतं. आईला सांगितलं नव्हतं.

मल्ली गेल्यावर महिनाभरानं, एका दुपारी आई शेंगा भाजून सोलत बसली होती, चटणीसाठी. मी समोर बसून टरफलं गोळा करत होते. माग चालू होते. तिनं हात न थांबवता विचारलं, ‘तुझ्या त्या बुकात एक बघशील का?’

‘काय?’

‘माझ्यापाशी असता तर वाचला असता का नसता.’

मला उत्तर माहीत होतं. पाच वर्षं तिनं त्याला वाचवलंच होतं. तिनं तो दात ओढला नसता, तो आपला आपण पडेपर्यंत वाट पाहिली असती, आणि पडल्यावर दोन दिवस, तीन दिवस, लागतील तेवढे दिवस अंगठा धरून बसली असती. तिच्याजवळ तो बहुतेक वाचला असता. आणि त्याला तिच्यापासून तोडलं ते माझ्या वहीतलं एक पान दाखवून.

‘नसता वाचला,’ मी म्हणाले. ‘पुस्तकात तसंच आहे. कुठंही असता तरी.’

तिनं वर पाहिलं. ‘नीट वाचलंस न्हवं?’

‘नीट वाचलं.’

तिनं सोललेले दाणे उखळात ओतले, वर मीठ, तिखट, लसूण टाकला. ‘मग हरकत न्हाई,’ ती म्हणाली. ‘तुला शिकवलं ते बरं झालं बाई. न्हाईतर जलमभर मला तेच वाटत ऱ्हायलं असतं.’